परमुलखांतील प्याला

इ. स. १८४१ सालच्या जुलै महिन्याची ५ तारीख. इंग्लंडांतील लेस्टर शहराच्या स्टेशनावर त्या दिवशीं सुमारें पांचशें माणसें जमलीं होतीं. त्यांना कांहीं मैलांवरील लफबरो या गांवीं जावयाचें होतें, आणि जाण्यायेण्याचें भाडें होतें माणशीं एक शिलिंग. आगगाडी ही तेव्हां नवलाची वस्तु होती. एवढ्या लोकांसाठीं एक निराळी गाडी ठरविणें ही तर त्याहून नवलाची गोष्ट. ती ठरविली होती टॉमस कुक नांवाच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थानें. हा गृहस्थ बाप्टिस्ट पंथाचा प्रचारकही होता. गाडी कशासाठीं? तर लफबरो येथें भरणाऱ्या मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं! मजुराला गुत्त्यांतून बाहेर काढावयाचें असेल, तर त्याला दुसरा कांहींतरी निर्मळ विरंगुळा दिला पाहिजे, आणि प्रवासासारखा विरंगुळा नाहीं, असा कुकचा सरळ हिशेब होता.

श्रोतेहो, आज आपण ज्याला संघटित सहल म्हणतों, तिच्या इतिहासाचा आरंभ बहुतेक लेखक या गाडीपासून करतात. आतां त्याच इतिहासाचें दुसरें टोक पाहा. १७ जानेवारी २०२० रोजीं स्पेन देशाच्या बॅलिआरिक बेटांतील प्रांतिक सरकारनें एक हुकूम काढला. मायोर्का बेटावरील मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा हे दोन भाग व इबिथा बेटावरील सान अंतोनियो हा तिसरा, या तीन ठिकाणांपुरता तो हुकूम होता. एका प्याल्याच्या पैशांत दोन प्याले देण्याच्या जाहिराती बंद. एका पबमधून दुसऱ्या पबमध्यें टोळकीं फिरविण्याचा धंदा बंद. रात्रीं साडेनऊनंतर दुकानांतून दारू विकणें बंद. एवढ्यावर तो थांबला नाहीं. हॉटेलाच्या सज्जांतून खालच्या हौदांत उड्या घेणाऱ्यांस हॉटेलाबाहेर काढावें व त्यांस ६ हजारांपासून ६० हजार युरोपर्यंत दंड करावा, असेंही त्यांत कलम होतें. हें कलम घालणें भाग पडलें, कारण अशा उड्यांत दर उन्हाळ्यांत तरुण माणसें मरत वा जन्माचीं पंगु होत होतीं. आणि त्यांत इंग्लंडांतून व जर्मनींतून आलेल्यांचा भरणा मोठा होता.

दारू सोडविण्यासाठीं निघालेली सहल अखेर दारूच्या पायाशीं कशी येऊन पोहोंचली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याच्या पोटांत एक जुना प्रश्न आहे. एका देशाचे लोक परमुलखांत जाऊन पितात आणि रस्त्यांत धिंगाणा घालतात. दुसऱ्या देशाचे लोक तितकेंच पितात आणि गुपचूप घरीं जातात. असें कां व्हावें?

या प्रश्नास युरोपांत फार दिवसांपासून एक सोपें उत्तर तयार आहे. तें म्हणजे रक्त आणि हवा. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांचें वर्णन लिहिलें, त्यांत त्या लोकांच्या रात्रंदिवस चालणाऱ्या मद्यपानाचा आणि त्यांतून होणाऱ्या खुनांचा उल्लेख आहे. पुढें १७४८ सालीं माँतेस्क्यू या फ्रेंच पंडितानें आपल्या कायदेविषयक ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, विषुववृत्तापासून जसजसें उत्तरेकडे जावें, तसतसें थंडीबरोबर मद्यपान वाढत जातें. आजही वर्तमानपत्रांतून हेंच मत थोड्या निराळ्या शब्दांत वाचावयास मिळतें: उत्तरेकडील माणूस मूळचाच दांडगा, दक्षिणेकडील मूळचाच सभ्य.

पण इतिहास पाहूं गेलें असतां हें उत्तर टिकत नाहीं. इंग्लंडचेंच उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत लंडन शहर ‘जिन’ नांवाच्या स्वस्त दारूंत अक्षरशः बुडालें होतें. १७४३ सालीं देशांत सुमारें ८० लक्ष गॅलन कडक दारू खपली असा हिशेब देतात. १७३६ सालीं पार्लमेंटनें जबर कर बसविला, तर दंगे झाले आणि चोरटी विक्री वाढली. १७५१ सालीं होगार्थ या चित्रकारानें जिनच्या गल्लीचें तें प्रसिद्ध चित्र काढलें, ज्यांत झिंगलेल्या आईच्या हातून मूल खालीं पडत आहे. त्याच सालीं निराळ्या धोरणाचा कायदा झाला, धान्यही महागलें आणि ती लाट ओसरली. पुढें १८३२ सालीं प्रेस्टन गांवीं जोझेफ लिव्हझी व त्याचे सोबती यांनीं मद्याला मुळींच न शिवण्याची प्रतिज्ञा घेतली, आणि लक्षावधि मजुरांनीं तिचें अनुकरण केलें. कुकची गाडी याच चळवळीचें अपत्य. पहिल्या महायुद्धांत गुत्त्यांच्या वेळा कमी केल्या, दारू पातळ केली आणि कर वाढविला. परिणाम असा कीं, इंग्लंड व वेल्समध्यें दारूबाजीबद्दल होणाऱ्या शिक्षांचा वार्षिक आंकडा युद्धापूर्वींच्या सुमारें १ लक्ष ८० हजारांवरून १९१८ सालीं ३० हजारांच्या आंत आला. पुष्कळ तरुण रणांगणावर होते हें खरें. पण युद्ध संपून ते परत आल्यावरही वीस वर्षें इंग्लंड बऱ्याच अंशीं शुद्धीवर राहिलें. रक्त तेंच, हवाही तीच. मग हा चढउतार कसा झाला? जी वस्तु दोनशें वर्षांत इतक्या वेळां बदलते, ती रक्तांत असूं शकत नाहीं.

या बाबतींत मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनीं फार मोलाची भर घातली आहे. ड्वाइट हीथ या अमेरिकन अभ्यासकानें १९५० नंतरच्या दशकांत दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत कांबा नांवाच्या लोकांमध्यें राहून त्यांच्या चालीरीति टिपून ठेवल्या. हे लोक उंसापासून केलेली जी दारू पितात, तींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ८९ इतकें असतें. घशाला भाजणारी ही दारू ते सणावारीं वर्तुळांत बसून, एकच प्याला एकमेकांस देत, पुन्हां पुन्हां पितात. पडतात, झोंपतात, उठून पुन्हां पितात. आणि तरीही तेथें भांडण नाहीं, शिवीगाळ नाहीं, मारामारी नाहीं, स्त्रियांची छेड नाहीं. पुढें १९६९ सालीं मॅकअँड्र्यू आणि एजर्टन या दोन अभ्यासकांनीं जगांतील नाना समाजांचे असे वृत्तान्त एकत्र करून एक पुस्तक लिहिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: मद्यानें जीभ जड होणें, पाय लटपटणें, हात चुकणें, हें सर्व माणसांच्या बाबतींत सारखें. पण प्यालेला माणूस रडेल कीं गाईल, मिठी मारील कीं ठोसा, हें त्याला त्याच्या समाजानें शिकविलेलें असतें. प्रत्येक समाज आपल्या माणसांस नकळत सांगून ठेवतो कीं, पिण्याच्या वेळेपुरती तुम्हांस अमुक एवढी सुटी आहे. त्या सुटींतलें वर्तन आम्ही मनावर घेणार नाहीं.

ही सुटीची कल्पना आपल्याला कांहीं परकी नव्हे. आपला शिमगा म्हणजे दुसरें काय? एरवीं जो शब्द तोंडांतून काढला तर थोबाडींत बसेल, तो होळीपुढें मोठ्यानें ओरडण्यास मुभा असते. पण आपल्या शिमग्याला दोन कुंपणें आहेत. तो ठराविक दिवशीं संपतो; आणि ज्याच्या नांवानें बोंब मारावयाची तो शेजारी दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणवठ्यावर भेटणार असतो. त्यामुळें थट्टा थट्टेच्या पुढें सहसा जात नाहीं. हीं दोन्ही कुंपणें ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

मानसशास्त्रज्ञांनीं हेंच मत प्रयोगशाळेंत तपासून पाहिलें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत असे प्रयोग झाले, ज्यांत कांहीं तरुणांना मद्य दिलें आहे असें सांगून केवळ निर्मद्य पेय पाजलें, आणि कांहींना न सांगतां खरेंच मद्य पाजलें. आपण प्यालों आहों अशी ज्यांची समजूत होती, ते प्याल्यांत मद्य असो वा नसो, अधिक आक्रमक वागले. पुढील प्रयोगांत मद्याचा स्वतःचाही वांटा दिसून आला, म्हणून सारा दोष समजुतीच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. पण समजुतीचा वांटा लहान नाहीं, एवढें निश्चित झालें.

आतां दक्षिण युरोपाकडे वळूं. इटली, स्पेन, फ्रान्स या देशांत द्राक्षाची दारू ही जेवणाच्या पानावरची वस्तु. ती वडील माणसांच्या देखत, भाकरीबरोबर, बेताबेतानें प्यावयाची. मुलाला ती पाण्यांत मिसळून चाखावयास मिळे. तेथें पिण्यांत पराक्रम नाहीं; उलट चौकांत झोंकांड्या खाणें ही घराण्याला काळिमा लावणारी गोष्ट. चारचौघांत आपली शोभा राखावी, याला इटालियन माणूस फार जपतो. म्हणून तेथें रस्ता शांत.

मात्र रस्ता शांत म्हणजे सर्व कुशल, असें समजूं नये. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्यें दर प्रौढ माणसामागें वर्षाला वीस लिटरांहून अधिक शुद्ध मद्यार्क पोटांत जात होता, आणि यकृताच्या रोगानें मरणाऱ्यांची संख्या भयंकर होती. पंतप्रधान माँदेस-फ्रान्स यांनीं १९५४ सालीं लोकांपुढें दुधाचा पेला धरला, तेव्हां पुष्कळांनीं त्यांची चेष्टा केली. चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या भोजनगृहांत दारू देऊं नये, हा नियमही तेथें १९५६ सालीं करावा लागला. म्हणजे उत्तरेचें मद्य रस्त्यावर ओरडत होतें आणि दक्षिणेचें मद्य घरांत मुकाट्यानें यकृत पोखरत होतें. त्यानंतर फ्रान्सनें आपलें पिणें निम्म्याहून खालीं आणलें, हें त्याचें श्रेय. उलट स्पेनमध्यें १९९० च्या पुढें तरुणांच्या टोळ्या बाटल्या घेऊन चौकांत जमूं लागल्या. ‘बोतेयोन’ हें त्या प्रकाराचें नांव. तेव्हां दक्षिणेची शिस्तही कांहीं रक्तांतून आलेली नाहीं.

उत्तरेकडील पिण्याला हें वळण कसें लागलें? त्याचें एक मोठें कारण घड्याळ. महायुद्धाच्या काळांत, १९१६ सालीं, ऑस्ट्रेलियाच्या अनेक प्रांतांत गुत्ते संध्याकाळीं सहा वाजतां बंद करण्याचा कायदा झाला. हेतु उत्तम होता: कामकऱ्यानें वेळेवर घरीं जावें. घडलें असें कीं, पांच वाजतां काम सुटलेला माणूस तासाभरांत जेवढें पोटांत ओतवेल तेवढें ओतूं लागला. गुत्त्यांतलीं मेजें-खुर्च्या काढून टाकलीं, कारण बसण्यास वेळच नव्हता. भिंतींना फरशा लावल्या, कारण त्या धुवावयास सोप्या. सहाच्या ठोक्याला तर्र झालेली गर्दी एकदम रस्त्यावर लोटे. हा कायदा न्यू साउथ वेल्समध्यें १९५५ पर्यंत आणि व्हिक्टोरियांत १९६६ पर्यंत राहिला. इंग्लंडांतही युद्धकाळांतला दुपारचा बंद १९८८ पर्यंत टिकला, आणि रात्रीं अकराच्या सुमारास घंटा वाजवून शेवटचा प्याला मागवावयास सांगण्याची चाल पडली. त्यांतच मित्रमंडळींत पाळीपाळीनें सर्वांसाठीं प्याले विकत घेण्याची रीति. पांच मित्र असले म्हणजे पांच प्याले झाल्याविना उठणें हा अपमान. अशा रीतीनें भराभर पिणें आणि मोजून पिणें, हीं पुरुषार्थाचीं लक्षणें ठरलीं.

दुसरें कारण बंदी. फिनलंडांत १९१९ पासून १९३२ पर्यंत संपूर्ण दारूबंदी होती. स्वीडनमध्यें १९५५ पर्यंत प्रत्येकाचें दारूचें माप शिधापुस्तकांत नोंदलें जाई. तीं बंधनें सैल झालीं, तरी दारू सरकारी दुकानांत, महाग, आणि थोड्या वेळांतच मिळे. मग स्टॉकहोम आणि हेलसिंकी यांच्यामधील बोटी हेंच एक फिरतें मद्यालय झालें, कारण समुद्रावर करमाफ दारू मिळते. युरोपीय संघानें १९९९ सालीं आपल्या अंतर्गत प्रवासांत ही करमाफी बंद केली. पण ऑलंड बेटांना त्यांतून सूट होती, म्हणून आजही त्या बोटी मध्यरात्रीं, पहांटे, वाट वांकडी करून ऑलंडच्या बंदरास क्षणभर शिवून पुढें जातात! घरीं जें कुलुपांत असतें, तें किनारा सुटतांच हौदांतल्याप्रमाणें वाहूं लागतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां प्रवासाकडे येऊं. परमुलखांत जाऊन दारूबाजी करणें ही गरीब इंग्रजानें काढलेली चाल आहे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील सरदारपुत्र शिक्षण पुरें करण्यासाठीं दोन-तीन वर्षें फ्रान्स आणि इटलींत फिरत. बरोबर एक शिक्षक असे. त्याला लोक थट्टेनें अस्वल नाचविणारा दरवेशी म्हणत. या अस्वलांनीं पॅरिस, व्हेनिस आणि रोम येथें मद्य आणि जुगार यांत किती पैसा उधळला, याच्या कथा त्या काळच्या पत्रव्यवहारांत भरपूर आहेत. १७३० नंतर लंडनमध्यें अशा प्रवास करून आलेल्या तरुणांनीं ‘दिलेतांती’ नांवाची मंडळी काढली. होरेस वॉल्पोल यानें १७४३ सालच्या एका पत्रांत तिच्याविषयीं असा शेरा मारला आहे कीं, सभासद होण्यास इटली पाहिलेली असावी लागते ही नांवाची अट; झिंगलेलें असावें लागतें ही खरी. याच मंडळीनें पुढें ग्रीक अवशेषांच्या संशोधनास पैसा पुरविला आणि थोर ग्रंथ छापले, हेंही सांगितलें पाहिजे. मुद्दा इतकाच कीं, सरदारपुत्राचा धिंगाणा वाड्याच्या भिंतींआड होई आणि त्याला तारुण्यसुलभ चूक म्हणत. मजुराच्या मुलाचा धिंगाणा रस्त्यावर होतो, आणि त्याला राष्ट्राची अब्रू म्हणतात.

मजुराच्या मुलाला परदेश दिसला तो फार उशिरां. १९३८ सालीं इंग्लंडांत भरपगारी रजेचा कायदा झाला. १९५० सालीं व्लादिमिर राइट्झ यानें विमानानें कॉर्सिका बेटावरील काल्वी येथें सहल नेली. विमान, तंबूंतील मुक्काम आणि जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग. पुढें हा ओघ स्पेनकडे वळला. भूमध्यसमुद्रावरील बेनिडॉर्म हें तेव्हां मासेमारांचें लहान गांव होतें. तेथील नगराध्यक्ष पेद्रो सारागोसा यांनीं आखूड पोहण्याच्या वेषास परवानगी दिली, त्यावरून धर्मगुरु संतापले. तेव्हां हे गृहस्थ आपल्या व्हेस्पा स्कूटरवर बसून थेट माद्रिदला फ्रँकोची भेट घेण्यास गेले, अशी कथा सांगतात. स्पेनला परकीय चलन हवें होतें. नीति थोडी बाजूला सरली. १९६० सालीं त्या देशांत सुमारें ६० लक्ष पाहुणे आले. १९७३ सालीं तो आंकडा ३ कोटी ४० लक्षांच्या वर गेला.

या नव्या प्रवाशाची स्थिति पाहा. घड्याळाच्या धाकांत पिण्यास शिकलेला तरुण अशा गांवीं येऊन पडला, जेथें घंटा वाजतच नाहीं. घरीं कडक दारू मापानें, थेंब मोजून मिळे. येथें ती बाटलींतून सरळ ओततात, आणि तीही निम्म्याहून कमी पैशांत. बरोबर केवळ समवयस्क मित्र; आई-बाप, मालक, शेजारी कोणी नाहीं. शिमग्याचीं तीं दोन कुंपणें आपण आठवूं. हा शिमगा दुसऱ्या दिवशीं संपत नाहीं, आठवडाभर चालतो. आणि ज्याच्या दारांत ओकावयाचें, तो शेजारी पुन्हां जन्मांत भेटणार नसतो. दोन्ही कुंपणें एकदम गेलीं, मग राहिलें काय?

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. परमुलखांत गेलेला माणूस निराळा होतो असें आपण म्हणतों. पण नीट पाहिलें तर तो आपली घरचीच चाल मोठी करून मांडतो. मागालुफचा इंग्रज एका पबमधून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत फिरतो, पाळीपाळीनें प्याले घेतो. ती त्याच्या गांवच्या शनिवार रात्रीची नक्कल. तेथून थोड्या मैलांवर प्लाया दे पाल्माला जर्मनांचें ठाणें आहे. जर्मन माणूस एकाच जागीं लांब बांकावर बसतो, दुपारपासून पितो, आणि शेंकडोंच्या समुदायांत गाणीं म्हणतो. ती त्याच्या बीअरबागेची नक्कल. एका बादलींत लाल दारू भरून तींत लांब नळ्या सोडून दहाजणांनीं ओढण्याचा प्रकार त्यांनींच तेथें प्रसिद्ध केला. जपानांत कचेरींतील मंडळी वर्षाअखेरच्या मेजवानींत धुंद होतात. त्या रात्रीं वरिष्ठाची मर्यादा न पाळण्याची मुभा असते, आणि सकाळीं ती रात्र कोणी आठवत नाहीं. ही सुटी त्या कचेरीच्या मंडळीशीं बांधलेली आहे. परदेशांत सहलीस गेलेल्या जपानी माणसाचें नांव अशा गोंधळासाठीं झालेलें ऐकूं येत नाहीं.

दोष केवळ पाहुण्याचा असेंही नाहीं. एका प्याल्यावर एक फुकट ही पाटी लावणारा दुकानदार त्याच गांवचा. आठ पबांची फेरी विकणारा दलाल, तिच्यावर वर्षाची कमाई करणारा मालक, डोळेझांक करणारी नगरपालिका, सर्वांनीं वीस-तीस वर्षें त्या गोंगाटाचे पैसे मोजून घेतले. भोगलें तें त्या रस्त्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीं आणि पहांटे रस्ता धुणाऱ्या कामगारांनीं. म्हणूनच २०२० सालच्या त्या हुकुमाचें मला महत्त्व वाटतें. त्यानें पाहुण्याच्या रक्ताला दोष दिला नाहीं. विक्रीच्या पद्धतीला हात घातला. ॲम्स्टरडॅम शहरानें २०२३ सालीं अठरा ते पस्तीस वर्षांच्या ब्रिटिश पुरुषांना उद्देशून, दारूबाजीसाठीं येणार असाल तर दूर राहा, अशा जाहिराती केल्या. प्राग शहरानें २०२४ सालीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत पब-फेऱ्या चालविण्याचा धंदा बंद केला. पहिल्या उपायांत एका राष्ट्राकडे बोट आहे, दुसऱ्यांत एका धंद्याकडे. इतिहासाचा कौल मला दुसऱ्या बाजूनें दिसतो.

श्रोतेहो, येथवर आपण दुसऱ्यांच्या घरांत डोकावलों. आतां थोडें आपल्या अंगणांत पाहूं. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदीचा पहिला प्रयोग सुरू झाला. पुढें १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी पुढें सैल झाली, पण आजही महाराष्ट्रांत पिण्यासाठीं कागदोपत्रीं परवाना लागतो, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द त्या कायद्याची खूण म्हणून पाट्यांवर उरला आहे. गुजरातेंत तर बंदी कायम आहे, आणि शनिवार-रविवारीं दमणकडे कोणाच्या गाड्या धांवतात हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत प्याला हा अजून कपाटामागें असतो. मुलगा तो वडिलांपुढें घेत नाहीं, वडील मुलापुढें घेत नाहींत. दोघेही निरनिराळ्या मित्रांबरोबर गोव्यास जातात!

गोव्याची स्वतःची रीति निराळी. तेथें काजूची फेणी घरच्या कपाटांत उघड असते. सर्दीपडशाला तीच, सणाला तीच. उन्हाळ्यांत उराकाचा हंगाम. गांवच्या तावेर्नांत म्हातारा एक पेला घेऊन तासभर गप्पा मारतो आणि जेवावयास घरीं जातो. पाहुण्यांनीं मात्र त्या भूमीचा अर्थच निराळा लावला. २०१९ सालीं गोव्याच्या विधानसभेस कायदा दुरुस्त करून, समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिणाऱ्या माणसास दोन हजार आणि टोळीस दहा हजार रुपये दंड ठेवावा लागला. हे दंड भरणारे सारे इंग्रज वा रशियन आहेत असें कोणीं समजूं नये.

कांहीं वर्षांपूर्वीं मी तेथें एका स्नेह्याच्या घरीं उतरलों होतों. सकाळीं त्यांच्या मातोश्री किनाऱ्याकडील वाटेवरून फुटक्या बाटल्यांच्या कांचा टोपलींत वेंचीत होत्या, कारण मासेमारांचीं मुलें त्या वाटेनें अनवाणी जातात. आदल्या रात्रीं तेथें जी मंडळी ओरडत होती, तिची भाषा मराठी होती. मीं ती स्वतः ऐकली होती. बाईंनीं मान वर करून मला एवढेंच विचारलें, “हीं मुलें आपल्या घरीं असेंच वागतात काय हो?” मी म्हणालों, “नाहीं.” त्या म्हणाल्या, “मग येथेंच कां?” मला उत्तर सुचलें नाहीं. मीं खालीं वांकून कांचा वेंचूं लागलों.

आज जें उत्तर मला देतां येईल, तें मीं वर सांगितलेंच आहे. घरीं जें लपवून, घाईनें आणि भीतभीत शिकवलें जातें, तें परमुलखांत मोकाट सुटतें. मायोर्का बेटावरचा तरुण इंग्रज आणि गोव्याच्या वाळूवरचा तरुण मुंबईकर हे या बाबतींत एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. पिऊं नये, असें सांगणारे आपल्याकडे पुष्कळ झाले, आणि त्यांचें सांगणें हिताचेंच आहे. पण जो पिणारच, त्यानें कसें वागावें, हें सांगणारें वडील माणूस घरांत नसतें. आपल्या परंपरेनें यजमानाला फार मोठा धर्म सांगितला: दारीं आलेला अतिथि देव मानावा. अतिथीनें कसें असावें, हें मात्र आपण मुलांना पुरतें शिकविलें नाहीं. पुढच्या सुटींत घरांतील मुलें गोव्याचीं तिकिटें काढतील, तेव्हां त्यांच्याजवळ तेवढें एक बोलावें, अशी आपणांस माझी विनंति आहे.